लिहिणावळ: पैसे घेऊन लिहून देणाऱ्यांची साधने

धुण्याचे पैसे धुणावळ, शिवण्याचे पैसे शिवणावळ, तसे दुसऱ्यासाठी लिहून दिल्याचे पैसे म्हणजे लिहिणावळ. हा शब्द आता बोलण्यातून गेला आहे, पण एकेकाळी तो होता, यावरूनच लिहिणे हे दाम मोजून करून घेण्याचे काम होते हे कळते. ज्यांना लिहिता येत नव्हते अशांची संख्या समाजात फार मोठी होती. जमीन, कर्ज, नाते आणि फिर्याद मात्र कागदाशिवाय पुढे सरकत नव्हती. या दोहोंमध्ये एक माणूस बसलेला असे. कधी तो कुळकर्णी असे, कधी पेठेतला कारकून, कधी कचेरीबाहेरचा अर्जनवीस, तर कधी टपालखात्याच्या दारातला पत्रलेखक. पगारी चिटणिसांचा इतिहास बराच लिहिला गेला. सुट्ट्या कामावर पोट भरणाऱ्या या लेखनिकांकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले, आणि त्यांची साधने कोणती होती हे तर त्याहूनही कमी तपासले गेले.

सर्वांत जुने साधन बोरू. तो सुरीने तिरपा छाटायचा आणि टोकाला चीर द्यायची. बोरू चांगला तासता येणे हा लिहिण्याच्या शिक्षणाचाच भाग होता. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात अक्षराचे वळण, ओळींतले अंतर, समास सोडणे यांच्याबरोबरच निरनिराळ्या ठिकाणचे बोरू, शाई, कागद आणि सुरी-कात्रीसारखी हत्यारे जमवण्याचाही विचार येतो. सतराव्या शतकातल्या एका संताने लेखनाच्या साहित्याची इतकी बारकाईने दखल घ्यावी, ही गोष्ट मोलाची आहे. शाई काजळाची असे. ते डिंकाच्या पाण्यात बराच वेळ खलावे लागे. नीट खललेली शाई तीनशे वर्षांनंतरही काळीभोर दिसते. ओली अक्षरे टिपायला बारीक वाळू वापरत, आणि जुने दप्तर उघडताना आजही कागदाच्या घडीतून तिचे कण खाली पडतात.

कागद जुन्नरचा किंवा दौलताबादचा असे. दौलताबादेजवळचा कागजीपुरा आणि पुण्यातला कागदीपुरा ही नावे त्या कारागिरांची आठवण सांगतात. चिंध्या कुटून लगदा करायचा, साच्यावर पाने उचलायची, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायची, अशी ती मेहनत होती. असा कागद स्वस्त नसे. म्हणून लेखनिक पान काठोकाठ भरत असे. मजकूर लांबला की खाली दुसरा बंद चिकटवून पट्टी वाढवायची, आणि सांध्यावर मागून शिक्का मारायचा, म्हणजे मधला तुकडा कोणाला बदलता येत नसे. मजकूर संपला तिथे मर्यादेची मुद्रा उठवत. तिच्याखाली कोणी ओळ घुसडली तर ती खोटी, हे उघड दिसे. लिहिलेले बदलले जाऊ नये ही काळजी पहिल्यापासूनच या धंद्याच्या मुळाशी होती.

लिपी मोडी. ती हेमाद्रीने आणली असे परंपरा सांगते. देवगिरीच्या यादवांचा हा श्रीकरणाधिप तेराव्या शतकातला. विद्वानांमध्ये या श्रेयाबद्दल मतभेद आहेत, पण लिपीच्या उपयोगाबद्दल नाहीत. आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरे तिला लटकवत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, शब्द तोडून लिहिण्याचे बंधन नाही. मोबदला कागदागणिक मिळणाऱ्याला वेग हीच कमाई होती आणि मोडीने तो वेग दिला. छापखान्याने मोडीला प्रथम टाळले नव्हते. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपूरला मोडी खिळ्यांनी छापला गेला. पण पुढे पुस्तके बाळबोधीत आणि व्यवहार मोडीत अशी फाळणी पडली, ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली.

तरीही बोरू, शाई आणि कागद कोणालाही विकत घेता येत. लेखनिकाला गिऱ्हाईक मिळे ते मायन्यामुळे. कोणाला काय म्हणून संबोधायचे, आधी आशीर्वाद की आधी नमस्कार, 'राजमान्य राजेश्री' कोणाला आणि 'तीर्थरूप' कोणाला, विनंती कुठे आणि आज्ञा कुठे, शेवट 'जाणिजे' करायचा की 'बहुत काय लिहिणे' म्हणून थांबायचे, हे सगळे मायन्यात येते. यात चूक झाली तर पत्र अपमान ठरे आणि काम बिघडे. हेमाद्रीच्याच नावावर सांगितली जाणारी मेस्तके ही अशा लेखनपद्धतीची टिपणे होत. त्यांत पत्रांचे प्रकार, मायने, हिशेबाच्या रीती असत. घराण्यातला मुलगा वडिलांच्या हाताखाली हे नमुने उतरवून काढी, आणि ती वही पुढे त्याची मिळकत होई. लिहिण्याच्या धंद्यातले पहिले संदर्भसाहित्य म्हणून या वह्यांकडे पाहायला हवे.

शब्दसंग्रहाची अडचण वेगळी होती. निजामशाही, आदिलशाही आणि मोगलाईत दरबारी व्यवहार फार्सीत चाले, त्यामुळे मराठी कागदही फार्सी शब्दांनी भरून गेला होता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्याच्या दहा वर्गांपैकी एक खास लेखनाचा आहे. कोशातले सगळेच शब्द रुळले नाहीत. पेशवाईतल्या कारकुनाच्या हातून फार्सी शब्द पुढेही उतरत राहिले, कारण गिऱ्हाइकाला आणि पंचांना तेच ओळखीचे होते. लेखनिकाला शुद्ध भाषेपेक्षा ओळखीची भाषा जवळची असते, आणि त्यात गैर काही नाही.

गावगाड्यात लिहिण्याचा हक्क वतनाने कुळकर्ण्याकडे होता. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, कर्जरोखा त्याच्याच हाताने होत असे. कागदाच्या शेवटी 'बिकलम' असे लिहून पुढे लिहिणाऱ्याचे नाव येई. बिकलम म्हणजे अमक्याच्या कलमाने. ज्याच्या नावाने दस्त होई तो सही करू शकत नसे, म्हणून त्याची निशाणी काढली जाई. पाटलाची आणि कुणब्याची निशाणी नांगराची, बलुतेदाराची त्याच्या धंद्यातल्या हत्याराची, बाईमाणसाची बांगडीची. कित्येकदा हे चित्रही लेखनिकच काढून देई आणि मालक नुसता बोरूला हात लावी. कागदावर काय लिहिले आहे याची खात्री करून घेण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग होता, तो म्हणजे वाचून दाखवणाऱ्यावर विश्वास.

इंग्रजी अमलात या विश्वासाची किंमत वाढली. मुद्रांकाचा कागद आला, नोंदणी आली, मुदतीचा कायदा आला, दिवाणी कोर्टे आली. पूर्वी सावकाराची वसुली गावाच्या डोळ्यांदेखत होई. आता रोख्यावरचे शब्द तालुक्याच्या कोर्टात उभे राहू लागले आणि हुकूमनामा त्यांच्यावरून निघू लागला. मुदत टळू नये म्हणून सावकार जुना रोखा नवा करून घेई. त्यात व्याज मुद्दलात मिसळे, आणि शेतकरी पुन्हा निशाणी करी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले, आणि उठावाचे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेले. या दंग्यांत माणसांवर हात फार थोड्या ठिकाणी पडला. लोकांनी मागितले ते कागद. रोखे आणि खाती मिळाली, ती त्यांनी जाळली, आणि सावकाराने कागद हवाली केले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. लिहिलेल्या शब्दाची दहशत किती होती, हे याहून स्पष्टपणे सांगणारी घटना महाराष्ट्राच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. या कायद्यातली कर्ज-व्याजाची कलमे नेहमी सांगितली जातात, लेखनाची कलमे विसरली जातात. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त यापुढे ग्रामनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जायचा होता. मजकूर शेतकऱ्याला समजावून सांगायचा होता. दिलेल्या पैशाची पावती मिळणे आणि वर्षाचा हिशेब लेखी मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क ठरला. म्हणजे लिहिणावळीचा धंदा, निदान या जिल्ह्यांपुरता, प्रथमच कायद्याच्या नजरेखाली आला.

त्याच काळात महात्मा फुले शेतकऱ्याच्या लुबाडणुकीत लेखणीचा वाटा किती आहे हे सांगत होते. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कुळकर्णी, कारकून आणि कोर्टकचेरीतल्या मंडळींचा जो पंचनामा आहे, त्याचा गाभा हाच, की ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे लिहिणारा धनी होऊन बसतो. दीनमित्रकार मुकुंदराव पाटलांनी १९१३ साली 'कुलकर्णी लीलामृत' काढून तेच दुखणे गावोगाव पोहोचवले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुळकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. 'कलमकसाई' हा शब्द भाषेत उगाच आलेला नाही. पण सगळे लेखनिक तसे नव्हते हेही तितकेच खरे. कर्जदाराला रोख्यातला डाव समजावून देणारा आणि पडत्या भावात अर्ज लिहून देणारा माणूसही त्याच ओट्यावर बसलेला असे. त्याचे नाव इतिहासात शिल्लक राहिले नाही, कारण त्याच्यावर कोणी फिर्याद केली नाही.

वतनाबाहेरचा स्वतंत्र धंदा वाढला तो कचेऱ्यांच्या आवारात. मामलेदार कचेरी, कोर्ट, नोंदणी कार्यालय अशा ठिकाणी झाडाखाली किंवा पडवीत अर्जनवीस आणि दस्तलेखक बसू लागले. समोर उतरत्या झाकणाची पेटी. तिच्यावर लिहायचे आणि तिच्यातच सगळा संसार. बोरूच्या जागी लोखंडी निबेचा टाक आला, वाळूच्या जागी टीपकागद. दौत, रूळ, लाख, दाभण, दोरा आणि नमुन्यांची वही ही बाकीची सामग्री. अनेकजण मुद्रांक विक्रीचा परवानाही घेत, म्हणजे कागद आणि मजकूर एकाच ठिकाणी मिळे. या माणसाचे भांडवल पेटीत थोडे आणि जागेत जास्त होते. कोणत्या टेबलावर कोणता कागद लागतो, कोणता साहेब कोणत्या शब्दाला अडतो, हे त्याला वर्षानुवर्षे तिथेच बसून कळलेले असे. बसण्याची जागा बापाकडून मुलाकडे जाई.

टपालाने दुसरी बाजारपेठ उघडली. १८५४ साली देशभर एकच दर झाला, अर्ध्या आण्यात हलके पत्र कुठेही जाऊ लागले. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड आले आणि १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. नेमक्या याच वर्षांत मुंबईच्या गिरण्यांना माणसे लागत होती. रत्नागिरीतून, तसेच सातारा आणि घाटावरच्या इतर भागांतून आलेला गडी खानावळीत जेवी, गाळ्यात निजे आणि पगार झाला की गावी पैसे पाठवी. कोकणातली घरे त्या मनीऑर्डरीवर चालत. पैसे पाठवायचे म्हणजे फॉर्म भरणे आले, आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार शब्द लिहायला थोडी जागा असे.

त्या चार शब्दांसाठी पत्रलेखकांची रांग बसे. मुंबईचे मोठे टपाल कार्यालय, ज्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देतो, १९१३ साली पुरे झाले. त्याच्या आसपास ताडपत्रीखाली बसणारे पत्रलेखक पुढे मुंबईच्या ओळखीचाच भाग बनले. पत्रे लिहिणे, आलेली वाचून दाखवणे, मनीऑर्डरचे फॉर्म भरणे, पार्सल कापडात शिवून त्यावर लाखेची मोहोर लावणे, ही सगळी कामे ते करत. म्हणून पेनाबरोबर सुईदोरा, लाख आणि मेणबत्ती हीसुद्धा त्यांची हत्यारे. मुंबईसारख्या शहरात हिंदी, मराठी, उर्दू अशा दोन-तीन भाषा हाताशी असलेल्याला काम जास्त मिळे. गिऱ्हाइकांत हमाल होते, गिरणी कामगार होते, घरकाम करणाऱ्या बाया होत्या, आणि कामाठीपुऱ्यातून घरी पैसे पाठवणाऱ्या स्त्रियाही होत्या. या शेवटच्या गिऱ्हाइकांच्या पत्रांत पत्ता आणि पेशा कसा झाकायचा हे लिहिणाऱ्याला सांगावे लागत नसे. अशी गुपिते पोटात ठेवणे हा धंद्याचा अलिखित करार होता.

मायना इथेही कामाला येई, फक्त साधा झालेला. 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार', 'इकडील सर्व खुशाल', 'पैसे मिळताच कळवावे', 'कळावे, लोभ असावा'. मंगल वार्तेच्या पत्राला हळदकुंकवाची बोटे. सांगणारा अडखळत सांगे, रडे, गप्प बसे. लिहिणारा तेवढ्यातून कार्डावर मावेल असे वाक्य काढी. कार्डाची जागा ठरलेली, दर ठरलेला, मागे रांग उभी. थोडक्यात लिहिण्याची ही शाळा कोणत्याही वर्तमानपत्राच्या कचेरीइतकी कडक होती. १९५० साली आंतर्देशीय पत्र निघाले आणि लिहिण्याला थोडी ऐसपैस जागा मिळाली.

टंकलेखन यंत्राने कचेरीबाहेरच्या ओट्याचे रूप पालटले. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे यंत्र बाजारात आणले आणि पुढे देवनागरी कळफलकाची यंत्रे मिळू लागली. मराठीची मागणी खऱ्या अर्थाने वाढली ती महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर. सरकारी कामकाज मराठीत म्हटल्यावर अर्जही मराठीत, प्रतिज्ञापत्रही मराठीत. मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या सरकारी टंकलेखन परीक्षा गावोगावच्या संस्थांतून हजारो मुलामुलींनी दिल्या. ज्यांना नोकरी मिळाली नाही त्यांतल्या काहींनी जुने यंत्र घेतले आणि कोर्टाच्या आवारात मांडले. कार्बन कागदाने एका ठोक्यात तीन प्रती निघत. अर्धी अक्षरे, रफार, वेलांट्या जुळवत मराठी टंकणे इंग्रजीपेक्षा कष्टाचे, म्हणून पानाचा दरही निराळा लागे.

याच काळात राज्यव्यवहारकोशाच्या वाटेने राज्यसरकार पुन्हा एकदा गेले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याने काढलेले पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि परिभाषा कोश यांची भाषा जड आहे अशी तक्रार तेव्हापासून होत आली आहे, आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे. तरीही अर्जनविसाला या कोशांनी मोठा आधार दिला. 'अधोस्वाक्षरीकार', 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी कधीच नव्हते. तो आपली गाऱ्हाणी साध्या बोलीत सांगे आणि लेखनिक ती कचेरीच्या भाषेत उतरवी. लिहिणावळ खरे तर या भाषांतराची होती.

संगणकाने पुढचे काम झपाट्याने केले. पुण्यातल्या सी-डॅकने १९८८ नंतर भारतीय लिप्यांसाठी साधने काढली, श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर घरोघरच्या डीटीपी केंद्रांत पोहोचली. एका फाँटातला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडेना, ही त्या काळातली मोठी डोकेदुखी युनिकोडने मिटवली. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फाँट विंडोजबरोबर सर्वत्र गेला. गोदरेजचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना २०१०च्या आसपास थांबला.

ओट्यावर बसणाऱ्यांना मात्र संगणकापेक्षा इतर गोष्टींनी जास्त हलवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव मोडले आणि मनीऑर्डर लावणारी पिढी पांगली. एसटीडी बूथ आले, मग मोबाईल आला, आणि २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली. ही शेवटची बाब आनंदाची आहे, धंदा बसला तरी. २००८ साली मनीऑर्डर इलेक्ट्रॉनिक झाली तेव्हा संदेश लिहायची मोकळी जागा गेली आणि ठरलेल्या संदेशांच्या यादीतून एक निवडायची सोय आली. १५ जुलै २०१३ पासून तारही बंद झाली. मुद्रांकाच्या कागदाला तेलगीच्या बनावट मुद्रांकांचे प्रकरण भोवले. त्या घोटाळ्यानंतर फ्रँकिंग आणि पुढे ई-मुद्रांकाकडे सरकार वळले, आणि कागद विकणे व मजकूर लिहिणे यांची जुनी जोडी सैल झाली.

कचेरीबाहेरचा माणूस तरीही उठलेला नाही. पेटीच्या जागी लॅपटॉप आणि प्रिंटर आहे, नमुन्यांच्या वहीच्या जागी फाइलींचा फोल्डर आहे, आणि पाटीवर 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असे लिहिले आहे. साक्षर शेतकरीही त्याच्याकडे येतो, कारण अडचण अक्षरांची उरलेली नसून फॉर्मच्या रकान्यांची आहे.

आणि मोडी परत आली आहे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, आणि जुने कागद बाळबोधीत उतरवून देणारे मोडी जाणकार पानामागे पैसे घेतात. जमिनीच्या दाव्यांत त्यांची गरज नेहमीच होती. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा ती एकाएकी अनेक पटींनी वाढली. तहसील कचेऱ्यांतले रुमाल सोडले गेले, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या उघडल्या, घरोघरच्या पेट्यांतली खरेदीखते आणि वाटणीपत्रे बाहेर निघाली. त्या दस्तांवर कुळाचे नाव आहे, गावाचे आहे, नांगराची निशाणी आहे, आणि पुष्कळ ठिकाणी अगदी शेवटच्या ओळीत, बिकलम म्हणून, लिहून देणाऱ्याचेही नाव आहे.